मारकडवाडीतली 160 मतं

हरलेला उमेदवार मशीनला दोष देतो, हे एव्हाना आपल्या अंगवळणी पडलं आहे. मारकडवाडीत घडलं ते याच्या उलटं होतं. ज्यांचा माणूस आमदार झाला, त्यांनीच निकालावर बोट ठेवलं.

मारकडवाडी हे सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातलं गाव. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान झालं आणि 23 तारखेला मोजणी. माळशिरस या राखीव मतदारसंघात राष्ट्रवादी (शरद पवार) पक्षाचे उत्तमराव जानकर 13,147 मतांनी निवडून आले, भाजपचे राम सातपुते पडले. गुलाल जानकरांच्या अंगावर पडला. पण बूथनिहाय आकडे हाती आले तेव्हा मारकडवाडीत सातपुतेंच्या नावापुढे 1,003 आणि जानकरांच्या नावापुढे 843 दिसले. जानकरांचं म्हणून ओळखलं जाणारं गाव, आणि त्यांनाच 160 मतांनी मागे.

गावाचं गणित साधं होतं. 2019 ला जानकर आणि सातपुते यांच्यातच लढत झाली होती. तेव्हा अकलूजचे मोहिते-पाटील भाजपच्या बाजूला होते, तरी सातपुते जेमतेम अडीच हजारांच्या फरकानं आले. 2024 पर्यंत मोहिते-पाटील शरद पवारांकडे गेले, धैर्यशील मोहिते-पाटील माढ्यातून खासदार झाले आणि कालपर्यंत एकमेकांच्या विरोधात राहिलेले जानकर आणि मोहिते-पाटील एका मांडवात आले. गावकरी सांगत होते की आधीच्या निवडणुकांत गाव जानकरांसोबत होतं आणि मे महिन्यातल्या लोकसभेला मोहिते-पाटलांसोबत. आता दोघं एकत्र आल्यावर लीड वाढायला हवा होता. तो उलटा कसा फिरला?

त्यातून जी मागणी पुढे आली, तिच्यामुळे हे गाव देशभर गाजलं. गावकरी म्हणाले की आम्ही पुन्हा मतदान घेतो, या खेपेला कागदी मतपत्रिकेवर. खर्च आमचा, प्रशासनानं फक्त माणसं द्यावीत. तहसीलदारांनी नकार दिल्यावर त्यांनी स्वतःच मतपत्रिका छापल्या आणि 3 डिसेंबर ही तारीख ठरवली. प्रांताधिकाऱ्यांनी 2 ते 5 डिसेंबर असा जमावबंदीचा आदेश काढला. पूर्वीचं कलम 144, नव्या कायद्यातलं 163. गावात पोलिसांचा मोठा फौजफाटा आला. एक जरी मत पडलं तरी गुन्हे दाखल होतील आणि साहित्य जप्त होईल, असं पोलिसांनी बजावलं. त्या सकाळी जानकर आणि गावकऱ्यांनी चर्चा करून मतदान मागे घेतलं. जानकरांसह अनेक गावकऱ्यांवर गुन्हे मात्र दाखल झालेच.

पुढचं सगळं झपाट्यानं झालं. 7 डिसेंबरला महाविकास आघाडीच्या बहुतेक आमदारांनी विधानसभेत पहिल्या दिवशी शपथच घेतली नाही, 8 ला शरद पवार मारकडवाडीत येऊन गेले आणि त्यानंतर दोन दिवसांनी गोपीचंद पडळकर, सदाभाऊ खोत आणि सातपुते यांनी त्याच गावात मशीनच्या बाजूनं सभा घेतली. मारकडवाडी हे गावाचं नाव न राहता घोषणा बनलं. नेमका मुद्दा काय होता, हे त्या धुरळ्यात मागे पडलं.

गावाला खात्री होती, ती कशाची?

आकडे आधी पाहू. गावात पडलेली मतं सुमारे 1,900. फरक 160 चा. म्हणजे 80 माणसांनी बाजू बदलली की लढत बरोबरीवर येते. शंभरात चार. गावकऱ्यांचा दावा खरा मानायचा तर आपल्या गावात कुणी कुणाला मत दिलं, हे त्यांना 80 माणसांपर्यंत अचूक ठाऊक असायला हवं. गावात राहिलेल्या कुणालाही विचारा. भावकीत कोण कुणाचं, हे सगळ्यांना माहीत असतं. सून कुणाला मत देते, हे मात्र सासूलाही माहीत नसतं. त्या वर्षी ऑगस्टपासून लाडक्या बहिणींच्या खात्यात महिन्याला 1,500 रुपये येऊ लागले होते. जानकरांच्या जुन्या मतदारांचं राजकारण मोहिते-पाटलांच्या विरोधावर पोसलेलं होतं, त्यांतल्या काहींना ही नवी सोयरीक पचली नसेल. 80 माणसं वळायला ही दोन कारणं पुरेशी आहेत. खरोखर तसंच झालं, असं मी म्हणत नाही. एवढंच, की मशीनकडे वळण्याआधी ही दारं ठोठावून पाहायला हवी होती.

दुसरी अडचण हेतूची. मशीनमध्ये गडबड करणाऱ्यानं मारकडवाडीत 160 चा लीड मिळवावा आणि जागा मात्र 13,147 मतांनी घालवावी, हे कसलं कारस्थान? त्यावर उत्तर तयार होतं की मतं थोडी थोडी वळवली होती, जानकरांची लाट इतकी मोठी होती की ते तरीही आले. या उत्तरातली मेख अशी की ते कोणत्याही निकालाला लागू पडतं. हरलो तर मतं वळवली, जिंकलो तर वळवूनही कमी पडली. जो दावा कोणत्याच आकड्यानं खोटा ठरू शकत नाही, त्याला आकड्याचा आधारही मिळत नाही.

संशयामागची मनःस्थिती मात्र समजण्यासारखी होती. मे-जूनमध्ये महाविकास आघाडीनं राज्यातल्या 48 पैकी 30 लोकसभा जागा जिंकल्या होत्या. सहा महिन्यांत महायुती 288 पैकी 230 च्या पलीकडे गेली. मतदानाच्या दिवशी संध्याकाळी पाचला जाहीर झालेला आकडा 58.22 टक्के होता, अंतिम आकडा 66.05. रांगेत उभ्या असलेल्यांना टोकन देऊन उशिरापर्यंत मतदान होतं आणि केंद्रावरून येणारे पाचचे आकडे अंदाजी असतात, हे त्याचं स्पष्टीकरण. पटण्यासारखंही आहे. पण आधी धक्का बसला आणि स्पष्टीकरण मागाहून आलं. अशा वेळी माणूस आपल्या डोळ्यांना दिसेल असं काहीतरी शोधतो. हातच्या कांकणाला आरसा कशाला, पुन्हा मत टाकू आणि मोजू.

कागदावरचं मतदान झालं असतं तर

समजा 3 डिसेंबरला कुणी अडवलं नसतं. जानकरांना 1,400 आणि सातपुतेंना 300 मतं पडली असती, तर काय सिद्ध झालं असतं?

माझ्या मते, फारसं काही नाही. निकाल लागून दहा दिवस झाले होते. आमदार कोण, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मतदान कुणी भरवलंय आणि कोणत्या उत्तराची वाट पाहिली जाते आहे, हेही ठाऊक होतं. ज्यानं 20 नोव्हेंबरला गुपचूप कमळाचं बटण दाबलं, तो या मांडवाकडे फिरकला नसता, किंवा फिरकला असता तर चार लोकांच्या नजरेला घाबरून शिक्का भलतीकडे मारला असता. मतदानाची गुप्तता हा काही कायद्याचा शिष्टाचार नव्हे, आकडा खरा येण्यासाठीची ती अट आहे. ती मोडली की मिळतो तो गावाचा कल. मत मिळत नाही.

याला एक गमतीशीर दुसरी बाजू आहे. गावानं स्वतः भरवलेल्या मतदानात पुन्हा सातपुतेच पुढे आले असते तर? किंवा लढत अटीतटीची झाली असती तर? तो पुरावा मात्र भक्कम ठरला असता, कारण सगळा कल विरुद्ध असूनही तो आकडा आला असता. म्हणजे ही चाचणी संशय सिद्ध करू शकत नव्हती, पण मोडू शकत होती. प्रशासनानं ती थांबवली आणि स्वतःच्या बाजूनं लागू शकणारा एकमेव निकाल घालवला. वर गावागावांत एक ओळ पसरली: कर नाही त्याला डर कशाला?

प्रशासनाच्या बाजूनंही बोलायला हवं. दुसऱ्या गटाचे लोक गावात होतेच, भांडण पेटलं असतं तर जबाबदारी प्रांतांवर आली असती. प्रत्येक गाव असं मतदान भरवू लागलं तर निवडणूक संपणार कधी, हाही प्रश्न खराच. मतदानाच्या आणि मोजणीच्या वेळी उमेदवारांचे प्रतिनिधी हजर होते, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही, असं प्रशासन म्हणत होतं. हे खरं धरलं तर मोठी संधी हुकली होती, कारण नियमांत एक अरुंद फट आहे.

चिठ्ठी

आपल्या मशीनला 2013 पासून हळूहळू छापील चिठ्ठीची जोड मिळत गेली. बटण दाबलं की काचेमागे उमेदवाराचं नाव आणि चिन्ह सात सेकंद दिसतं, मग चिठ्ठी पेटीत पडते. मारकडवाडीतही सुमारे 1,900 चिठ्ठ्या पडल्या होत्या. म्हणजे ज्या कागदावरच्या मतदानाची मागणी गाव करत होतं, ते 20 नोव्हेंबरलाच झालेलं होतं. गुप्त, कायदेशीर आणि खऱ्या मतदारांनी केलेलं. राहिलं होतं फक्त मोजणं. चार माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम.

निवडणूक संचालन नियमांतल्या 56 ड नुसार, मोजणीच्या दिवशी आकडे जाहीर झाल्यावर कोणताही उमेदवार किंवा त्याचा मोजणी प्रतिनिधी विशिष्ट केंद्राच्या चिठ्ठ्या मोजा, असा लेखी अर्ज करू शकतो. तो मान्य करायचा की नाही, हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो. चिठ्ठी आणि मशीन यांत फरक निघाला तर चिठ्ठीचा आकडा ग्राह्य धरतात. अरुंद फट म्हणालो ती हीच. पण जिंकत असलेल्या उमेदवाराचा प्रतिनिधी, बाहेर फटाके वाजत असताना, एका गावच्या उलट्या लीडसाठी अर्ज कशाला लिहील? निकाल जाहीर झाला की फट बुजते.

पुढची दारं पाहा. 26 एप्रिल 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. संजीव खन्ना आणि न्या. दीपांकर दत्ता यांनी सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, पण एक सोय दिली. निकालानंतर सात दिवसांत, पैसे भरून, पाच टक्के मशीनच्या मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे आतल्या चिपची, तपासणी मागता येते. कुणाला? दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला. जानकर पहिले होते. सातपुते दुसरे होते, पण मारकडवाडीत तर ते पुढे होते, त्यांनी मागावं कशाला?

राहिली उच्च न्यायालयातली निवडणूक याचिका. 45 दिवसांची मुदत, म्हणजे 7 जानेवारी 2025 पर्यंत. ती साधा मतदारही करू शकतो. फक्त ती निवडून आलेल्या उमेदवाराच्या निवडीविरुद्ध करायची असते. म्हणजे जानकरांच्या माणसांनी कोर्टात जाऊन जानकरांची आमदारकी रद्द करा म्हणायचं, तेव्हा कुठे जानकरांची मतं मोजली जाण्याची शक्यता. आणि मोहोरबंद पाकिटं न्यायालयाच्या हुकुमाशिवाय उघडता येत नाहीत.

मला हे सगळं प्रकरण इथे येऊन ठेपलेलं दिसतं. गावाचा पुरावा कच्चा होता. गावाचा प्रश्न मात्र रास्त होता आणि त्याचं पक्कं उत्तर सीलबंद पाकिटात पडून होतं. आपल्याच आमदाराविरुद्ध कोर्टात न जाता ते पाकीट उघडायला सांगण्याचा अधिकार मात्र, ज्यांना शंका होती त्यांच्यापैकी कुणालाही नव्हता. मग लोक मांडव घालणार, पोलीस मांडव उठवणार.

1,440 चा अर्थ

10 डिसेंबरच्या सुमारास राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केलं की 288 मतदारसंघांत प्रत्येकी पाच, अशा 1,440 केंद्रांच्या चिठ्ठ्या मशीनशी ताडून पाहिल्या आणि एकाही ठिकाणी तफावत नाही. मतदारसंघामागे पाच हा आकडा सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल 2019 मधल्या आदेशातून आलेला, आणि केंद्रं सोडत काढून निवडली जातात. एका बाजूनं विषय संपला म्हटलं, दुसऱ्या बाजूनं हे तर दीड टक्काही नाही म्हटलं. दोघांनीही हिशेब केला नाही, म्हणून तो इथे करतो.

राज्यात केंद्रं होती 1,00,186. समजा त्यांतल्या शंभरातल्या एका केंद्रावर मशीन बिघडवलेलं होतं. 1,440 केंद्रं खरोखर यदृच्छेनं निवडली, तर त्यात एकही बिघडलेलं न सापडण्याची शक्यता किती? 0.99 चा 1,440 वा घात काढा. साधारण एकोणीस-वीस लाखांत एक. म्हणजे राज्यभर मशीनमधून मतं वळवली, या मोठ्या दाव्यापुढे 1,440 चा आकडा फार वजनदार आहे. दीड टक्का कमी वाटतो, पण भाताची परीक्षा शितावरूनच होते.

आता एकच मतदारसंघ घ्या. सरासरी काढली तर 348 केंद्रं. त्यातली दहा बिघडवली आणि तपासायला पाचच निवडली, तर दहाही निसटण्याची शक्यता शंभरात 86 च्या घरात. तपासणी इथे लुळी पडते. आणि मारकडवाडीसारख्या गावातलं एखादं केंद्र? ते पाचांत येण्याची शक्यता शंभरात दीडसुद्धा नाही. मारकडवाडीत काय झालं, याचं उत्तर 1,440 देत नाही आणि द्यायला ते केलेलंही नव्हतं.

मग प्रश्न राज्याचा असेल तर आयोगाची बाजू बळकट, प्रश्न एका गावाचा असेल तर आयोगाकडे उत्तरच नाही. दोन्ही पक्षांनी आपल्या सोयीनं एका प्रश्नाला दुसऱ्याचं उत्तर चिकटवलं. एका गावावरून राज्य ठरवलं गेलं आणि राज्यावरून गावाला गप्प बसवलं गेलं.

चिठ्ठी सगळं पकडते असंही नाही. यादीतच खोटं नाव घुसवलं असेल तर चिठ्ठी आणि मशीन निमूट जुळतात. चिठ्ठी चुकीची दिसली असती तर मतदार तिथेच बोलले असते, हा युक्तिवादही अर्धाच. तक्रार करणाऱ्याला आधी लेखी घोषणापत्र द्यावं लागतं, मग चाचणी मत टाकून पाहतात, आणि तक्रार खोटी ठरली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शेतमजूर बाई रांगेत उभी असताना हा पैजेचा विडा उचलेल?

बुआना लाखू

उघडून पाहिलं तर काय होतं, याचं एक उदाहरण हरियाणात आहे. पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावात 2 नोव्हेंबर 2022 ला सरपंचपदाचं मतदान झालं. एका केंद्रावर दोन उमेदवारांचे आकडे अदलाबदल होऊन लिहिले गेले आणि हरलेला माणूस विजयी घोषित झाला. प्रकरण पावणेतीन वर्षं कोर्टांतून फिरत सर्वोच्च न्यायालयात आलं. न्यायालयानं मशीनच दिल्लीला मागवली. 6 ऑगस्ट 2025 ला न्यायालयाच्या आवारात, दोन्ही बाजूंसमोर, कॅमेरा लावून मोजणी झाली. एकूण मतं 3,767. आधी हरलेल्याला 1,051, जिंकलेल्याला 1,000. सरपंच बदलला.

या प्रकरणात दोन्ही छावण्यांना झोंबेल असं काहीतरी आहे. निकाल चुकला होता, म्हणजे हरकत घेणारे सगळेच रडे नसतात. आणि चूक माणसाच्या हाताची होती. खरा आकडा मशीननंच तीन वर्षं जपून ठेवला होता.

जर्मनीत हाच वाद 2009 मध्ये घटनात्मक न्यायालयापुढे आला तेव्हा तिथल्या न्यायाधीशांना त्या मशीनमध्ये गडबड झाल्याचा पुरावा मिळाला नव्हता. तरीही त्यांनी मशीनचा तो वापर घटनाबाह्य ठरवला. कारण असं की मोजणीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला, तज्ज्ञ नसतानाही, तपासता आले पाहिजेत. आपल्याकडे मशीनला चिठ्ठीची जोड आहे, तेव्हा तो निकाल जसाच्या तसा इथे लागू होत नाही. पण मारकडवाडीचे लोक नेमकं हेच मागत होते. मायक्रोकंट्रोलर नको, आम्हाला मोजता येईल असं काहीतरी द्या.

दारं त्यानंतर उघडली कमी आणि लोटली जास्त. 20 डिसेंबर 2024 ला, मारकडवाडी ताजं असतानाच, केंद्र सरकारनं निवडणूक संचालन नियमांतला नियम 93 बदलला आणि मतदान केंद्रांवरचं चित्रीकरण लोकांना पाहायला मागण्याची वाट बंद झाली. कारण मतदारांच्या खासगीपणाचं दिलं गेलं. पाच टक्के मशीनच्या तपासणीतही घोळ निघाला. तपासणी म्हणून मशीनमधली मूळ माहिती पुसून त्यावर नव्यानं चाचणी मतदान घेतलं जात होतं. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आयोगाला सांगावं लागलं की माहिती पुसू नका, नवी भरू नका.

आणि मग राज्यातल्या स्थानिक निवडणुका आल्या. राज्य निवडणूक आयोगानं आधीच सांगून टाकलं की या मतदानात चिठ्ठीचं यंत्र नसेल. बहुतेक नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचं मतदान 2 डिसेंबर 2025 ला झालं, मारकडवाडीच्या मांडवाला एक दिवस कमी वर्ष होत असताना. मोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची होती, उच्च न्यायालयाच्या आदेशानं ती 21 तारखेपर्यंत लांबली. एकोणीस दिवस मशीन स्ट्राँगरूममध्ये, आणि गावोगावी उमेदवारांचे कार्यकर्ते डिसेंबरच्या थंडीत दाराबाहेर पाळीपाळीनं राखणीला.